नव्याने बांधलेली जीप पहिल्यांदा कच्च्या वाटेवर नेताना

महिंद्राची जुनी एमएम ५४०, मेजर किंवा क्लासिक पूर्ण उघडून, चॅसिसला रंग मारून, इंजिन-गिअरबॉक्सचं काम करून पुन्हा उभी केली की मालकाला पहिली ओढ लागते ती डोंगराची. ती पहिली फेरी कशी आखायची, आधी काय तपासायचं, वाटेत कुठे थांबायचं आणि परत आल्यावर काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. मारुतीची जिप्सी बांधणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा: पहिली फेरी गाडीच्या तपासणीसाठी आहे. नवीन बसवलेली प्रत्येक वस्तू पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये आपापल्या जागी बसते. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट सैल होतात, गॅस्केट दबतात, नटाखालचा रंगाचा थर चेपला गेला की घट्ट आवळलेला नटही ढिला पडतो, टाकीतला गंज हलून फिल्टरमध्ये येतो. हे होणारच. ते घराजवळ, उजेडात आणि दुसरी गाडी सोबत असताना व्हावं, एवढ्यासाठी ही फेरी. अवघड चढ, खोल पाणी आणि चिखल पुढच्या खेपेला.

कागद

थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरसी बुकात हवी, आणि चॅसिसवर कोरलेला नंबर रंगाखाली बुजलेला नको. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. विमा आणि पीयूसी चालू हवेत. कागदावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, अशी गाडी अपघातात सापडली तर विम्याचा दावा अडकतो.

आधी ३०० किलोमीटर डांबर

थेट गॅरेजमधून डोंगरात जाऊ नका. निदान ३०० किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवा, आणि तेही टप्प्याने: आधी २०, मग ५०, मग १०० आणि उरलेले.

पहिल्या २० किलोमीटरनंतर सावलीत थांबा आणि चारही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांना, हात लावा. कोमट असतील तर ठीक. तळवा पाच सेकंदही ठेववत नसेल, तर बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा ब्रेक लायनिंग ड्रमला घासतंय. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं की कारण कळतं: घासल्याचा आवाज आला तर ब्रेक, आवाज नसताना जड फिरलं तर बेअरिंग. एकच हब बाकीच्या तिघांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर गाडी पुढे नेऊच नका.

५० किलोमीटरला चाकांचे नट पुन्हा आवळा. टॉर्क पाना वापरा. जुन्या जीपच्या नटांना साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात, तरी तुमच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना. १०० किलोमीटरला यू-बोल्ट, पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या शॅकलचे नट, ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्स चॅसिसला जिथे बसतो तिथले बोल्ट. यू-बोल्ट आवळताना गाडी चाकांवर उभी हवी आणि चारही नट आळीपाळीने, तिरप्या जोडीने आवळायचे. यू-बोल्ट सैल राहिला तर सगळा भार पाट्याच्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की अ‍ॅक्सल पाट्याखाली मागे-पुढे सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. पहिल्याच फेरीत जीप टोचन लावून परत आणावी लागण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

इंजिनचं काम केलं असेल तर या काळात एकाच वेगाने तासभर पळवू नका. वेग कमी-जास्त करत राहा, वरच्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकेल इतकं ओढू नका, आणि उभ्या गाडीवर उगाच चालू ठेवू नका. पिस्टन रिंग नीट बसायला थोडा भार लागतो. इंजिन ऑइल ५०० किलोमीटरला बदला. नव्या क्लच प्लेटलाही २००-३०० किलोमीटर शहरातली चालू-बंद वाहतूक मिळालेली बरी. न बसलेली प्लेट चढावर घसरते, जळका वास येतो आणि काही मिनिटांत ती काचेसारखी गुळगुळीत होऊन निकामी होते.

गाडीखाली एक पूर्ण संध्याकाळ

इथे घाई करू नका. निघायच्या दोन दिवस आधी हे काम करा, म्हणजे काही सापडलंच तर दुकान उघडं असताना भाग आणता येईल.

सुरुवात ब्रेकच्या होजपासून. पाटे उंच केले असतील किंवा लांब शॅकल लावले असतील तर मूळ मापाची होज आखूड पडते, आणि सपाट जमिनीवर ते दिसत नाही. चॅसिसला जॅक लावून चाक पूर्ण लटकेपर्यंत उचला, चॅसिसखाली घोडी (जॅक स्टँड) लावा, मग होज बघा. ती ताणलेली नसावी; स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवल्यावर टायरला, पाट्याला किंवा शॉकअपला घासता कामा नये. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर एक होज तुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून दहा मिनिटांची ही तपासणी सगळ्यात वर.

चाक लटकलेलं असतानाच प्रोपेलर शाफ्ट बघा. स्लिप जॉइंटचे दाते पूर्ण लांबीला निदान २५ मिलिमीटर आत अडकलेले हवेत. याच्या उलट, पाटा पूर्ण दाबला गेल्यावर शाफ्ट आत जायलाही जागा हवी, नाहीतर तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) बेअरिंगवर ठोकतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते पाहा. क्रॉस, म्हणजे योकमधला सांधा, बदलताना शाफ्ट उघडून एक दाता इकडे-तिकडे बसवला गेला, की ४०-५० च्या वेगाला थरथर सुरू होते आणि लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात.

आता अशी एक चूक, जी फक्त जोडून-जोडून बांधलेल्या गाड्यांत आढळते. पुढचा अ‍ॅक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा असेल, तर दोघांच्या क्राउन-पिनियनचा रेशो वेगळा असू शकतो. दोन चाकांवर गाडी झकास धावते. फोर व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांविरुद्ध ओढतात, दांडी अडकते आणि शेवटी क्रॉस किंवा ट्रान्सफर केसचा दाता तुटतो. मोजायची रीत सोपी आहे. गाडीला दगड लावा, ट्रान्सफर केस न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करा आणि चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तो मागचा रेशो. हीच कृती पुढच्या अ‍ॅक्सलवर करा. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक हाताने जोडता-सोडता येणारे) असतील तर ते लॉक करून. दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत. चारही टायरची मापंही सारखीच.

ऑइलचं बघा: डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचं ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंग असतात; मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर तिथे जीएल-४ घाला. ऑइल भरायच्या नटाच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल आलं की पुरे. दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर (हवा बाहेर सोडणारी तोंडं) रंगाने बुजलेले नाहीत ना, तेही तपासा. बंद ब्रीदरमुळे आत दाब साचतो आणि नवं सीलसुद्धा गळतं.

रेडिएटर आणि पंख्यामधलं अंतर हाताने मोजा. वाकड्या-तिकड्या जमिनीवर चॅसिस पिळते, इंजिन रबरावर डोलतं आणि दोन बोटांपेक्षा कमी जागा असेल तर पंखा जाळी कापतो. पंख्याभोवतीचं कडं, म्हणजे श्राउड, पुष्कळ जण गाडी बांधताना काढून टाकतात. लो गिअरमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) ताशी पाच किलोमीटरने चढताना समोरून वारा येत नाही. तेव्हा रेडिएटरमधून हवा ओढण्याचं काम फक्त पंख्याचं आणि त्या कड्याचं असतं. ते परत बसवा.

वायरिंगमध्ये तीन जागा: इंजिनपासून चॅसिसपर्यंतची अर्थची पट्टी, डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची तार (ती निसटली की चालती गाडी जागेवर बंद), आणि बॅटरीची पकड. हाताने हलणारी बॅटरी दगडांच्या वाटेवर उडून बॉनेटला लागते आणि ठिणगी पडते.

शेवटी स्टिअरिंगचे टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक. प्रत्येक कॅसल नटात नवी स्प्लिट पिन हवी. तिथे खिळा किंवा तार चालणार नाही.

सोबत काय घ्यायचं

नवख्यांच्या गाडीत सामान एकतर फार असतं, नाहीतर काहीच नसतं. पहिल्या फेरीला एवढं पुरतं:

- दोन डिझेल फिल्टर, एक फॅन बेल्ट, वरची आणि खालची रेडिएटर होज, सहा होज क्लिप
- एक क्रॉस सर्क्लिपसह, एक टाय रॉड एंड, मूठभर स्प्लिट पिना
- २ लिटर इंजिन ऑइल, १ लिटर गिअर ऑइल, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, १० लिटर पाणी
- पाने, पक्कड, हातोडा, बांधायची तार, इन्सुलेशन टेप, फ्यूज
- जॅक आणि त्याखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीची जाड लाकडी फळी, चाकाला लावायचे दोन ठोकळे
- २ किलोचं एबीसी अग्निशामक, ड्रायव्हरच्या हाताला येईल असं
- हवा मोजायचा गेज आणि बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर तो चालवला तर फ्यूज उडतो
- रिकव्हरी पट्टा, दोन रिकव्हरी शॅकल (पट्टा गाडीला अडकवायच्या पिनेच्या कड्या; पाट्याच्या शॅकल वेगळ्या), फावडं, पोतं, प्रथमोपचाराची पेटी

जड वस्तू बांधून ठेवा. उघड्या जीपमध्ये सुटा जॅक माणसाला जबर जखमी करतो. रोल केज नसलेली जीप बाजूच्या उतारावर घालू नका आणि सीट बेल्ट सगळ्यांनी लावा.

वाट आणि दिवस

पहिल्या फेरीसाठी दसऱ्यानंतरचे महिने सगळ्यात चांगले. जमीन वाळलेली असते, ओढे उतरलेले असतात आणि ऊन गाडीला सोसवतं. जून ते सप्टेंबर नकोच. देशावरची काळी माती ओली झाली की टायरच्या सगळ्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं, आणि कोकणातल्या शेवाळलेल्या जांभ्या दगडावर चांगला टायरही टिकत नाही. मुरूम आणि सुटे दगड असलेली, पाच-सात किलोमीटरची, आल्या वाटेने परत येता येईल अशी वाट निवडा. एखादा कोरडा ओढा आणि एक मध्यम चढ पुरेसा आहे.

जागेची परवानगी आधी घ्या. खाजगी माळ असेल तर मालकाला विचारा. वन विभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. पाणंद रस्ता सार्वजनिक असतो, पण शेतकऱ्याचा ऊस आणि बैलगाडी त्याच वाटेने जाते. ओल्या पाणंदीत चाकं फिरवून चर पाडले तर त्याचा हंगाम अडतो. समुद्रकिनाऱ्याचा विचार सोडून द्या: गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला कायद्याने बंदी आहे, कोकणातही भरतीत अडकलेल्या गाड्या काढताना पोलिसांना यावं लागतं, आणि खारं पाणी तुमची नवी चॅसिस आतून खाऊन टाकतं. सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, तर कधीच गाडी नेऊ नका. तिथे इंच-दोन इंच मातीत पावसाळी फुलं जगतात; कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे ते त्यांच्यामुळेच. एका टायरचा चर त्या थराला कायमचा फोडून टाकतो.

सोबत दुसरी फोर व्हील गाडी असलीच पाहिजे. घरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. मोबाइलला रेंज कुठे जाते ते जाताना बघत राहा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटात ११२.

वाटेवर

१. डांबर संपलं की थांबा. हब लॉक करा, दोन्ही बाजूंचे. एकच बाजू लॉक राहिली तर पुढची चाकं ओढत नाहीत. हवा उतरवा: रस्त्यावर २८-३० पीएसआय ठेवत असाल तर ट्यूबलेस टायरला १८-२०. ट्यूब असलेल्या टायरला २२ च्या खाली जाऊ नका, कारण रिमवर टायर सरकला की व्हॉल्व्हच उपटला जातो. हवा कमी असताना वेग ताशी २०-२५ च्या आत.

२. फोर व्हील इथेच टाकून बघा, सपाट मुरमावर. पूर्ण थांबून, क्लच दाबून आधी पुढच्या अ‍ॅक्सलची दांडी, मग लो. ५० मीटर सरळ चाला, परत काढा. दांडी निघत नसेल तर दोन-तीन मीटर सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नसल्यामुळे डांबरावर फोर व्हीलमध्ये वळणं घेऊ नका.

३. पहिल्या एका किलोमीटरनंतर पुन्हा थांबा. इंजिन चालू ठेवून खाली वाका: डिझेल, ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल यातलं काही ठिबकतंय का? तापमानाचा काटा कुठे आहे? मग दर दोन किलोमीटरला हेच. कंटाळवाणं वाटेल, पण आज तुम्ही याचसाठी आला आहात.

४. अंगठे स्टिअरिंगच्या चकतीच्या बाहेर ठेवा. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जीपचं चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि आतला अंगठा मोडतो.

५. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नका, त्यावर चाक चढवा. चाकाखाली आला तर गाडी उंच होते. मधून आला तर डिफरन्शियलला लागतो. तुमच्या गाडीचा डिफरन्शियल नेमका कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून ठेवा.

६. खुणा करणारा माणूस एकच असावा. तो समोर, उताराच्या बाजूला न उभा राहता, ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहील. बाकीच्यांनी गप्प राहायचं.

७. उतरताना लो फर्स्ट, क्लचवर पाय नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. चढ अर्ध्यावर अडला तर वळायचा प्रयत्न करू नका. बाजूला वळलेली गाडी उलटते. ब्रेक दाबून धरा, लो रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, मग ब्रेक हळू सोडून सरळ मागे या.

८. चढावर ऑइल प्रेशरचा दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करा. बहुतेक वेळा ऑइल कमी असतं आणि तिरप्या संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) पंपाचं तोंड उघडं पडतं.

काही जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की तो गाडी धरून ठेवत नाही, डिफरन्शियल चाक मोकळं फिरू देतो. म्हणून पंक्चर काढताना ठोकळे लावा, फोर व्हील टाका आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

पाण्याच्या बाबतीत आजची मर्यादा हबच्या मध्याइतकी. आत जाण्याआधी चालत जाऊन तळ बघा आणि अ‍ॅक्सल थोडे निवू द्या. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर लगेच स्टार्टर मारू नका. एअर फिल्टर ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी बंद पडली किंवा अडकली तर

डिझेल जीप धक्के देत बंद पडली तर आधी फिल्टरवर संशय घ्या. टाकीतला जुना गंज पहिल्या हादऱ्यांनी सुटतो. फिल्टर बदला, त्यावरचा ब्लीड स्क्रू सैल करा आणि हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की आवळा. तरी सुरू झाली नाही तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, डिझेल दिसलं की एकेक आवळा. त्या फवाऱ्यासमोर हात धरू नका.

चाकं जागेवर फिरू लागली की लगेच पाय काढा. आणखी फिरवलं तर गाडी डिफरन्शियलवर टेकते. आधी फावड्याने चाकांपुढची माती काढा, दगड भरा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा (ट्यूब असेल तर २२ च्या खाली नाही). बहुतेक वेळा एवढ्याने निघते. ओढावीच लागली तर पट्टा ८ टनांचा आणि शॅकल किमान ३.२५ टन छापलेली. हूक चॅसिसला किमान दोन ८.८ ग्रेडच्या बोल्टनी बसवलेला हवा; बंपरला किंवा टो बॉलला पट्टा अडकवणं म्हणजे तोफगोळा भरणं. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाका, बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट अंतरावर पाठवा. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे ताणानंतर ती सुटते.

परतल्यावर

डांबर लागण्याआधी फोर व्हील काढा, हब मोकळे करा, हवा भरा. घरी पोचल्यावर रिम आणि ब्रेक ड्रममधला चिखल त्याच दिवशी धुवा. वाळलेला चिखल चाकाचं वजन बिघडवतो आणि लायनिंग घासून खातो.

दुसऱ्या दिवशी, गाडी थंड असताना, टॉर्क पाना घेऊन यू-बोल्टपासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत पूर्ण फेरी पुन्हा मारा. कुठला नट किती फिरला ते वहीत लिहा. क्रॉस आणि शॅकलच्या सगळ्या निपलमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा: दुधासारखं दिसलं तर पाणी गेलंय, सगळं बदला. चुंबकाच्या ड्रेन नटावर राखाडी लेप असेल तर नव्या गिअरसाठी ते नेहमीचं आहे. चिमटीत धरता येईल असा तुकडा सापडला तर हाउसिंग उघडा.

पुढच्या फेरीनंतर हीच तपासणी करून वहीतले आकडे जुळवा. एखादा नट दोन्ही वेळा फिरला तर तो नुसता आवळत राहू नका. त्याखालचा रंग खरवडा, वॉशर आणि बोल्ट नवे घाला, आणि तो भाग दाबाखाली हलतोय का ते आधी शोधा.